डावा गोलार्ध, दोन्ही हात आणि १.३ हा आकडा

हात आणि मेंदू यांच्या संबंधावर प्रपोजल लिहायला घेतलं, की पहिल्या दोन परिच्छेदांत एक वाक्य हमखास येतं. ‘उजव्या हाताच्या माणसांमध्ये मेंदूचा डावा गोलार्ध दोन्ही हातांच्या हालचालीत भाग घेतो, उजवा गोलार्ध मात्र फक्त डाव्या हाताच्या (किम आणि इतर, १९९३).’ कंसात नाव, वर्ष, पूर्णविराम, आणि पुढचं वाक्य. हे वाक्य इतक्या ठिकाणी इतक्या वेळा आलंय, की मूळ पेपर उघडून बघायची गरज कुणाला वाटत नाही. आज तो उघडू या. जेमतेम तीन पानांचा आहे. जुलै १९९३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाने केलेला. लेखकांमध्ये सोंग-गी किम आहेत, कामिल उगुरबिल आहेत आणि अपोस्टोलोस जॉर्गोपोलोस आहेत. म्हणजे एकीकडे एमआरआयचे तज्ज्ञ आणि दुसरीकडे माकडांच्या मोटर कॉर्टेक्समधल्या पेशींवर आयुष्य घालवलेला माणूस. घरचं भांडवल उत्तम होतं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला माझ्याशी भांडता येईल. पेपर चांगला आहे. त्यातला मुख्य शोध खरा असावा असं मला वाटतं. पण तो शोध ज्या आकड्यांत मांडलाय ते आकडे फसवे आहेत, आणि पेपरच्या शीर्षकात ‘हँडेडनेस’ हा शब्द जितका ठळक आहे तितका तो निष्कर्षात नाही. आपण मात्र उद्धृत करतो ते नेमकं शीर्षक.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. मोटर कॉर्टेक्समधून स्नायूंकडे निघणाऱ्या तंतूंपैकी बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूत शिरण्याआधी, बाजू बदलतात. म्हणून उजवा हात डाव्या गोलार्धाचा आणि डावा हात उजव्या गोलार्धाचा. हे दहावीच्या पुस्तकापासून आपल्याला पाठ आहे. हालचालीच्या वेळी त्या जागी रक्तप्रवाह वाढतो हेही एमआरआयच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. १९७१ मध्ये ओलेसेन यांनी हात चालवताना विरुद्ध बाजूच्या मेंदूत एका ठरावीक जागी रक्तप्रवाह वाढतो असं दाखवलं. त्या काळी हे झेनॉन वायूच्या किरणोत्सर्गी रूपाने करत. तो मानेतल्या धमनीतून सोडावा लागे, त्यामुळे ज्या रुग्णांची धमनीची तपासणी तशीही करायचीच होती त्यांच्यावरच असे प्रयोग होत. पुढे पेट स्कॅन आला. (ही पेट म्हणजे विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा नव्हे, जरी दोन्हींमध्ये आत शिरल्यावर माणूस हलत नाही.) आणि १९९०च्या सुमारास ओगावा यांच्या कामातून एफएमआरआयची ती पद्धत आली, जी रक्तातल्या ऑक्सिजनच्या पातळीवर चालते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. एफएमआरआय रक्तप्रवाह थेट मोजत नाही, आणि पेशींचं काम तर मुळीच मोजत नाही. १९८६ मध्ये फॉक्स आणि राइकल यांनी पेट वापरून बोटांना कंपनाचा स्पर्श दिला आणि मेंदूतली त्याची जागा मोजली. रक्तप्रवाह २९ टक्क्यांनी वाढला, ऑक्सिजनचा वापर फक्त ५ टक्क्यांनी. म्हणजे पाहुणे पाच आणि पानं एकोणतीस. हे उरलेलं, न वापरलेलं ऑक्सिजनयुक्त रक्त शिरांमधून बाहेर पडतं, आणि एफएमआरआयचा सिग्नल मुख्यतः त्याचा असतो. किम यांच्या पेपरमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ हा शब्द आला की प्रत्येक वेळी ही साखळी आठवा : पेशी, मग धमनी, मग शिरा, मग चित्रातला ठिपका.

आता प्रयोग. काम साधं होतं : एका हाताच्या अंगठ्याचं टोक त्याच हाताच्या बोटांना लावत जायचं. आपल्याकडे आजीबाई बोटांच्या पेरांवर जप मोजतात, साधारण तशी हालचाल, फक्त टोकाला टोक. कधी उजव्या हाताने, कधी डाव्या हाताने. यंत्र ४ टेस्लाचं. त्या काळी दवाखान्यातली चांगली यंत्रंसुद्धा १.५ टेस्लाची असत, म्हणजे ही चैन होती. उजव्या हाताच्या आणि डावखुऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या लोकांचे दोन्ही गोलार्धांतले मोटर कॉर्टेक्स पाहिले. प्रत्येक कॉर्टेक्सबद्दल एकच प्रश्न : विरुद्ध बाजूचा हात हलवला तेव्हा किती क्षेत्रफळ उजळलं आणि त्याच बाजूचा हात हलवला तेव्हा किती? पहिल्याला दुसऱ्याने भागलं. चार आकडे आले :

उजव्या हाताचे लोक, उजवा कॉर्टेक्स : ३६.८
डावखुरे लोक, उजवा कॉर्टेक्स : २९.९
डावखुरे लोक, डावा कॉर्टेक्स : ५.४
उजव्या हाताचे लोक, डावा कॉर्टेक्स : १.३

आकडा मोठा, म्हणजे तो कॉर्टेक्स फक्त आपल्या विरुद्ध हाताचा नोकर. आकडा एकच्या जवळ, म्हणजे दोन्ही हातांसाठी जवळपास सारखाच राबतोय. उजव्या हाताच्या माणसांचा डावा कॉर्टेक्स १.३! दहावीच्या पुस्तकातली फुलीची आकृती इथे मोडते. ‘सायन्स’ने पेपर का घेतला हे या एका आकड्यावरून कळतं.

आता हे आकडे हातात घेऊन जरा वाकवून बघू.

गुणोत्तराचा एक वाईट स्वभाव असतो : छेद शून्याजवळ आला की ते वेड्यासारखं वागतं. समजा विरुद्ध हाताने १०० ठिपके उजळले आणि त्याच बाजूच्या हाताने ३. गुणोत्तर ३३. एक ठिपका जास्त उजळला तर २५. एक कमी उजळला तर ५०. एका ठिपक्याचा गोंधळ स्कॅनरमध्ये डोकं जरासं हललं तरी होतो. म्हणून ३६.८ आणि २९.९ यांत काही फरक आहे असं वाटून घेऊ नका. तुमच्याकडे कॅल्क्युलेटर असेल तर हीच माहिती दुसऱ्या मापात टाका. विरुद्ध वजा समान, भागिले विरुद्ध अधिक समान. याला लॅटरॅलिटी इंडेक्स म्हणतात, आणि तो उणे १ ते अधिक १ च्या आतच राहतो. चार आकडे असे होतात : ०.९५, ०.९४, ०.६९ आणि ०.१३.

बघा काय झालं. वरचे दोन एकमेकांना चिकटले, म्हणजे उजवा कॉर्टेक्स दोन्ही गटांत सारखाच एकनिष्ठ आहे. खालचे दोन वेगळेच राहिले, आणि वरच्या जोडीपासूनही लांब राहिले. म्हणजे माप बदलल्यावर खोटा फरक गळून पडला आणि खरा फरक टिकला. पेपरवर टीका करायची म्हणजे तो पाडायचाच असं नसतं. काही वेळा त्याचं नको ते ओझं उतरवलं की तो जास्त सरळ उभा राहतो. पण हे पाच मिनिटांचं गणित न करता ‘३६.८ विरुद्ध १.३, म्हणजे अठ्ठावीस पट फरक’ असं लिहिणारे सारांश तुम्हाला भेटतील. तसं लिहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

उजव्या हाताच्या माणसाचा डावा कॉर्टेक्स ‘त्याच बाजूचा हात’ म्हणून कोणता हात बघतो? डावा. म्हणजे अडाणी हात, ज्याला बोटं एकेक करून लावायला कष्ट पडतात. आणि उजवा कॉर्टेक्स ‘त्याच बाजूचा’ म्हणून कोणता बघतो? उजवा, सराईत हात. मग एक साधी शंका : १.३ हा आकडा डाव्या गोलार्धाच्या मोठेपणाचा आहे की डाव्या हाताच्या अडाणीपणाचा? अवघड काम असलं की मेंदूचे शेजारपाजारचेही मदतीला धावतात. २००५ मध्ये व्हर्स्टिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच दाखवलं, की त्याच बाजूच्या मोटर कॉर्टेक्समधलं काम हालचालीच्या गुंतागुंतीशी निगडित असतं. फक्त उजव्या हाताचे लोक तपासले, तर या दोन शक्यता कधीच सुटय़ा करता येत नाहीत. गोलार्ध आणि हाताचं कौशल्य हातात हात घालून बदलतात.

त्या सुटय़ा करतात डावखुरे लोक. म्हणून या पेपरमधला खरा हिरो त्यांचा गट आहे, जरी लोक आकडा उजव्यांचा सांगत असले तरी. डावखुऱ्या माणसासाठी अडाणी हात उजवा. तो ‘त्याच बाजूचा’ म्हणून येतो उजव्या कॉर्टेक्सकडे. जर सगळा खेळ अडाणी हाताचा असता, तर डावखुऱ्यांचा उजवा कॉर्टेक्स १.३ च्या आसपास यायला हवा होता. तो आला २९.९. म्हणजे कष्टाचं स्पष्टीकरण एकटं पुरत नाही. आणि डावखुऱ्यांच्या डाव्या कॉर्टेक्सकडे ‘त्याच बाजूचा’ म्हणून येतो त्यांचा सराईत डावा हात. तरीही तिथे आकडा ५.४, म्हणजे बरंच काम चालू आहे. दोन्ही गटांत डावा कॉर्टेक्स मोकळ्या हाताने वागतो, दोन्ही गटांत उजवा कॉर्टेक्स आपली हद्द सोडत नाही.

तेव्हा पेपरने काय सिद्ध केलं? प्रामुख्याने हे, की दोन गोलार्ध एकसारखे नाहीत. हँडेडनेसचा वाटा उरतो तो १.३ आणि ५.४ यांच्यामधल्या फरकात. आणि त्या फरकाचे किमान तीन अर्थ लागतात. एक, उजव्यांमध्ये डाव्या गोलार्धाची सत्ता खरोखरच जास्त आहे. दोन, डाव्या गोलार्धाची सत्ता दोघांत सारखी आहे, पण उजव्यांच्या बाबतीत वर अडाणी हाताच्या कष्टांची भर पडते. तीन, छेद नव्हे तर अंश बदललाय, म्हणजे विरुद्ध हाताने उजळलेलं क्षेत्रच दोन गटांत वेगळं आहे. एकटं गुणोत्तर या तिघांपैकी एकही निवडू शकत नाही. प्रपोजलमध्ये ‘हाताच्या प्राधान्यामुळे’ असं लिहिताना तुम्ही नकळत पहिला अर्थ निवडलेला असतो.

याच गटातल्या काहींनी चार वर्षांनी वेगळ्या दिशेने प्रश्न विचारला, ही मला त्यांच्या कामातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. १९९७ चा दासोनव्हिल आणि इतरांचा पेपर, लेखकांत किम, अ‍ॅश आणि उगुरबिल आहेतच. त्यात त्यांनी सराईत हात आणि अडाणी हात यांची, प्रत्येकाच्या विरुद्ध बाजूच्या कॉर्टेक्समध्ये, तुलना केली. सराईत हाताने जास्त मोठा भाग उजळला, डावखुऱ्यांमध्येही आणि उजव्यांमध्येही. शिवाय कोणता हात वापरता आणि किती ठामपणे वापरता, हे दोन वेगळे गुण आहेत आणि मेंदूत वेगळे नोंदले जात असावेत, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे वरच्या तिसऱ्या अर्थाला, अंश बदलतो याला, त्यांच्याच हातून बळ मिळालं. पण उद्धृत होताना १९९३ आणि १९९७ एकाच कंसात, अर्धविराम टाकून, जणू दोघांनी एकच गोष्ट सांगितलीय असे येतात. तसं नाहीये.

अडाणी हाताबद्दल अजून एक अडचण. १९९६ मध्ये राव आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआयने दाखवलं की बोट जितकं भरभर हलवाल तितका मोटर कॉर्टेक्समधला सिग्नल वाढतो. त्याच वर्षी सादातो आणि इतरांनी पेटने रक्तप्रवाह मोजून वेगाचा परिणाम तपासला. त्यामुळे दोन हातांची तुलना करायची तर वेग सारखा ठेवावा लागतो. पण वेग सारखा ठेवला की कष्ट सारखे राहत नाहीत. सराईत हाताला जो वेग फिरायला जाण्यासारखा, तो अडाणी हाताला धावण्यासारखा. कष्ट सारखे करायचे तर वेग वेगळा ठेवावा लागतो. या कात्रीतून पूर्ण सुटका नाही. चांगला प्रयोग करणारे दोन्ही प्रकारे मोजतात आणि दोन्ही छापतात. आणखी एक : बोटं हलवताना दुसरा हात खरंच शांत होता का? अवघड हालचालीत दुसऱ्या हाताची बोटंही किंचित वळवळतात, लहान मुलांमध्ये तर ती स्पष्ट दिसतात. असा कुठलाही पेपर हातात आला की दुसऱ्या हाताच्या स्नायूंचे विद्युत्-संकेत नोंदवलेत का हे पद्धतीच्या भागात शोधा. शोधायला अर्धा मिनिट लागतो.

क्षेत्रफळ मोजण्याबद्दल आता थोडं. ‘उजळलेला’ ठिपका म्हणजे काय? एक थ्रेशोल्ड ठरवतात, त्याच्या वर तो उजळलेला, खाली तो विझलेला. हे पासिंगच्या ३५ मार्कांसारखं आहे. एका वर्गात सगळ्यांना ३४ पडले आणि शेजारच्या वर्गात सगळ्यांना ३६, तर निकाल शून्य टक्के आणि शंभर टक्के. निकालावरून वाटेल एका वर्गात सगळे ढ आणि दुसऱ्यात सगळे हुशार. फरक दोन मार्कांचा आहे. उजव्या कॉर्टेक्समध्ये त्याच बाजूच्या हाताचं काम ‘नाही’ आणि डाव्यात ‘आहे’ असं क्षेत्रफळ म्हणतं, तेव्हा मनात विचारा : मूळ मार्क किती होते? सिग्नलची टक्केवारी पाहिली तर दरी तेवढीच दिसेल का? थ्रेशोल्ड खालीवर करून तोच निष्कर्ष निघतो का?

त्यात निकालपत्रकात फक्त पास झालेले दिसतात, उणे गुण मिळालेले दिसत नाहीत. आणि मेंदूत उणे गुण खरोखर मिळतात. २००० मध्ये अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी बोटांच्या हालचालीत त्याच बाजूच्या मोटर भागात सिग्नल कमी होतो हे मांडलं. विरुद्ध बाजूचा कॉर्टेक्स जोडसेतूमार्फत दुसऱ्याला ‘तू गप्प बस’ असं सांगतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. मग उजवा कॉर्टेक्स ‘काहीच करत नाही’ असं जे १९९३ मध्ये दिसलं, ते खरंच काही न करणं होतं, की गप्प बसवलं जाणं? दोन्हींचं क्षेत्रफळ शून्यच येतं. पण सिद्धान्त म्हणून हे दोन पूर्ण वेगळे आहेत. एका अर्थाने डावा गोलार्ध कामसू, दुसऱ्या अर्थाने तो दादा. १९९३ च्या साधनांना आणि प्रश्नाला धरून पाहिलं तर हा आक्षेप लेखकांवर घेणं अन्यायाचं होईल. आज तेच माप तसंच्या तसं उचलून वापरणाऱ्यावर मात्र तो घ्यावाच लागेल. शिरांचंही तसंच. त्या पद्धतीत मोठ्या शिरांचा सिग्नल जोरदार येतो, आणि शीर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेलं गटार. पाणी कुठल्या घरातून आलं ते गटार सांगत नाही.

इतकं सगळं बोलून झाल्यावर तुम्ही विचाराल, की मग शोध खरा असावा असं वर कशाच्या जोरावर म्हटलं? रक्तप्रवाहाशी काहीही संबंध नसलेल्या दोन साक्षीदारांच्या जोरावर. पहिला फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्यूगो लीपमान या जर्मन डॉक्टरने पाहिलं होतं, की डाव्या गोलार्धाला इजा झालेल्या काही रुग्णांचा डावा हात, जो लुळा नसतो, तोही शिकलेल्या हालचाली नीट करू शकत नाही. उजव्या गोलार्धाच्या इजेत असं क्वचित. दुसरा साक्षीदार १९९७ चा. चेन आणि सहकाऱ्यांनी बोटांच्या हालचाली चालू असताना डोक्यावरून चुंबकीय धक्के देऊन मोटर कॉर्टेक्सच्या कामात अडथळा आणला. त्याच बाजूच्या हाताच्या चुका झाल्या, आणि गुंतागुंतीच्या क्रमात डाव्या कॉर्टेक्सवरचा अडथळा जास्त भोवला. रक्तप्रवाहाचं चित्र फक्त ‘इथे काहीतरी चालू होतं’ असं सांगतं. धक्का दिल्यावर काम बिघडलं, तर ती जागा त्या कामाला लागते असं म्हणता येतं. एफएमआरआयच्या निष्कर्षाला असा साक्षीदार मिळतो का, हे बघायची सवय लावून घ्या.

हे फक्त पेपरावरचं भांडण नाही. लकव्याच्या रुग्णांचं उदाहरण घ्या. १९९१ मध्ये शोले आणि सहकाऱ्यांनी, स्ट्रोकनंतर ज्यांचा हात सुधारला होता अशा रुग्णांना, तीच बोट-अंगठ्याची हालचाल करायला लावून पेटने रक्तप्रवाह मोजला. सुधारलेला हात हलवताना दोन्ही बाजूंच्या संवेदी-मोटर भागांत प्रवाह वाढला. यावरून एक आशादायक गोष्ट सांगता येते : निरोगी बाजू मदतीला आली. पण आता १.३ आठवा. उजव्या हाताच्या माणसाच्या उजव्या गोलार्धाला इजा झाली आणि बरा झालेला डावा हात हलवताना डावा कॉर्टेक्स उजळला, तर ती मदत आहे, की त्याची नेहमीचीच सवय? उलट बाजूच्या इजेत उजवा कॉर्टेक्स उजळला, तर ती बातमी आहे. म्हणजे रुग्णाचा स्कॅन वाचताना कुठल्या बाजूला इजा आहे आणि तो मूळचा कोणत्या हाताचा आहे, हे दोन्ही माहीत नसेल, तर फिजिओथेरपीबद्दलचा सल्ला अंदाजपंचे दाहोदरसे होऊन बसतो. हँडेडनेस हा पहिल्या पानावरचा एक टिक मार्क नाही तो यामुळे.

आणि तो टिक मार्क आपण कसा करतो? जगभर बहुतेक ठिकाणी १९७१ च्या ओल्डफील्ड यांच्या एडिनबरा प्रश्नावलीने. दहा कामं आहेत : लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, टूथब्रश, सुरी, चमचा, झाडू, काडी ओढणं, डब्याचं झाकण उघडणं. गुण उणे १०० ते अधिक १००. ही प्रश्नावली घेऊन आपल्या घरात बसा. झाडूबद्दल विचारलंय की दांड्यावर वरचा हात कोणता. आपली केरसुणी एका हाताची, वरचा-खालचा हा प्रश्नच नाही. सुरी? निम्म्या महाराष्ट्राच्या आयांनी आयुष्यभर विळीवर भाजी चिरली. पातं पायाखाली स्थिर, भाजी दोन्ही हातांत. चमचा? आपण हाताने जेवतो, आणि डाव्या हाताने जेवणाऱ्या पोराला पंगतीत काय ऐकावं लागतं ते डावखुऱ्यांना विचारा. पाटी-पेन्सिलीच्या वेळी हात बदलायला लावलेले कितीतरी जण तुमच्या वर्गातसुद्धा असतील. त्यांचे गुण प्रश्नावलीवर उजवीकडे सरकतात. मेंदू सरकतो का?

याचं काही उत्तर जर्मनीतून मिळतं. २००२ मध्ये झीबनर आणि सहकाऱ्यांनी लहानपणी उजव्या हाताने लिहायला लावलेल्या मोठ्या माणसांचा, लिहीत असताना, पेटने रक्तप्रवाह मोजला. जन्मजात उजव्यांमध्ये लिहिण्याचं काम मुख्यतः डाव्या गोलार्धात दिसलं. ‘बदललेल्या’ डावखुऱ्यांमध्ये उजव्या गोलार्धातले भागही कामाला लागलेले दिसले, इतकी वर्षं उजव्या हाताने लिहूनसुद्धा. हात वळला, मेंदू पूर्ण वळला नाही. असे लोक तुमच्या ‘उजव्या हाताच्या’ गटात बसले तर तुमचा १.३ कुठे जाईल सांगता येत नाही.

डावखुऱ्यांच्या गटातही एकसारखेपणा गृहीत धरू नका. २००० मध्ये क्नेख्ट आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या मोठ्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग डॉप्लरने मोजून भाषेचा गोलार्ध शोधला, ३२६ लोकांमध्ये. ठाम उजव्यांपैकी ४ टक्क्यांत भाषा उजव्या गोलार्धात होती, ठाम डावखुऱ्यांपैकी २७ टक्क्यांत. म्हणजे आठ-दहा डावखुरे गोळा केले तर त्यात दोन-तीन जण वेगळ्याच मांडणीचे असण्याची दाट शक्यता. त्या गटाची सरासरी ५.४ आली, तर ती कुणाचीच नसू शकते. काहींची दोन, काहींची पंधरा. म्हणून सरासरीआधी प्रत्येक माणसाचा ठिपका दाखवणारी आकृती मागा. डावखुरे जगात साधारण १०.६ टक्के आहेत (हा आकडा २०२० च्या, वीस लाखांहून जास्त लोकांच्या एकत्रित विश्लेषणातला), म्हणून ते मिळायला वेळ लागतो. बरेच प्रयोगवाले सरळ ‘फक्त उजव्या हाताचे’ अशी अट घालून मोकळे होतात. वर पाहिलंत की १९९३ च्या पेपरमधला सगळा युक्तिवाद उभा राहिला तो डावखुऱ्यांमुळे. त्यांना गाळलं असतं तर गोलार्ध आणि कौशल्य यांची गाठ आजही सुटली नसती.

एक संख्याशास्त्राचा मुद्दा राहिला. ‘उजव्यांमध्ये दोन गोलार्धांत लक्षणीय फरक, डावखुऱ्यांमध्ये नाही, म्हणून हँडेडनेसचा परिणाम आहे’ अशी वाक्यं या विषयात फार दिसतात. तो निष्कर्ष त्यातून निघत नाही. दोन फरकांमधला फरक थेट तपासावा लागतो, ज्याला इंटरॅक्शन म्हणतात. २०११ मध्ये निवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी मेंदूविज्ञानाचे ५१३ लेख चाळले. १५७ लेखांत ही चूक करायची संधी होती, त्यातल्या ७९ जणांनी ती साधली. निम्म्याहून एक जास्त! आणि ही सगळी मोठ्या नावाची नियतकालिकं होती.

तुम्ही या विषयावर प्रपोजल लिहीत असाल, तर सुरुवातीचं ते वाक्य खोडायची गरज नाही, सैल मात्र करा. ‘बोटांच्या हालचालीत त्याच बाजूच्या मोटर कॉर्टेक्सचा सहभाग डाव्या गोलार्धात उजव्यापेक्षा जास्त आढळतो, डावखुऱ्यांमध्येही, त्याचं प्रमाण हाताच्या प्राधान्यानुसार बदलतं, पण हा बदल गोलार्धाचा, कौशल्याचा की मोजमापाचा, हे १९९३ च्या गुणोत्तरांवरून ठरत नाही.’ वाक्य लांब झालं, गाईड कदाचित छोटं करायला सांगतील. तेव्हा ‘कौशल्याचा’ हा शब्द तेवढा वाचवा. प्रयोगाची आखणी त्या शब्दावरून ठरणार आहे : वेग सारखा ठेवायचा की कष्ट, केरसुणीऐवजी कोणतं काम विचारायचं, आणि लहानपणी हात बदलायला लावला होता का हा प्रश्न अर्जात कितव्या ओळीवर घालायचा.